कान टोचताना

रेवणकर सोनारांनी सोन्याची बारीक तार तीन महिन्यांच्या रेवाच्या कानातून आरपार काढली. पण तार वळवून बाळी करायच्या आतच कानाच्या पाळीने तार बाहेर ढकलली आणि भोक बुजलं.

"सोनारकीत जन्म गेला, पण असं नाही बघितलं," ते म्हणाले. "मुलीच्याही रक्तात ते दुरुस्तीचे कण सोडलेत का?"

"नाही हो काका, फक्त माझ्या," रेवाची आई वृषाली म्हणाली.

बाळंतपणात रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला ते टोचले होते. ते कण आपल्यासारखेच आणखी कण घडवत आणि शरीर त्या दिवशी होतं तसंच राखत. तेव्हापासून तिला नखंसुद्धा कापावी लागली नव्हती. 'अंगावरचं दूध बिनधास्त पाजा,' असं डॉक्टरच म्हणाले होते.

"मग दुधातून गेले असतील," काका हसले. "बरंच झालं की! पोरीला आता काही म्हणता काही व्हायचं नाही."

रडणारी रेवा दुधासाठी आईच्या छातीशी तोंड घासू लागली. वृषालीने दचकून तिला दूर धरलं. लहानखुरी आहे, हळूहळू अंग धरेल, असंच सगळे म्हणत आले होते.

बारशाला घातलेलं झबलं आजही रेवाच्या अंगावर तितकंच ढगळ होतं.