पहिला घोट

उदयसिंग नायकानं हात मागं ओढला.

"आधी तुमच्या हाताले लावा, डॉक्टरसाहेब. मंग माह्या."

शेलूबाजारच्या दवाखान्यात हे यंत्र आल्यापासून ओट्यावर माणूस मावत नव्हता. काचेच्या नळीत पारा. फुगा दाबला की चांदीची रेघ सरसर वर चढायची. आपल्या रगताचा जोर असा डोळ्यानं दिसतो, हे कोणाच्या बापजाद्यानं ऐकलं नव्हतं.

माणिकराव डॉक्टरांनी हसत आपल्याच दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या. मग भसकन हवा सोडली.

"पाहा. मेलो का मी?"

दारात त्यांची बायको ललिताबाई उभी होती. "किती भरला?"

"ठीक हाय. तू चहा ठेव." डॉक्टरांनी मान चोळली.

मग नायकाचा दंड. पारा चढतच राहिला. दोनशेच्याही वर. लोक माना लांब करून बघू लागले.

"नायक, इंजिनाच्या पाइपाचं तोंड दाबलं तं पाणी कसं जोर करते? तसं चालू हाय तुमच्या आंगात. रोज एक गोळी. मीठ कमी."

"पण मले दुखून नाही राह्यलं! मंग गोळी कायले?"

"पाइपाले तरी फुटायच्या आधी दुखते का?"

नायकाची बायको रुखमाबाई खाली बसली. "फुलसिंग भाऊजीचंही काहीच दुखत नव्हतं. लग्नात बुंदी वाढता वाढता पडले. अर्धं आंग गेलं, तोंड वाकडं झालं. तुमचं तसं झालं तं मी काय करू?"

नायक उठला, पागोटं झटकलं आणि तांड्याकडे चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा डॉक्टरांच्या घरी दूध घालायला आला. मागच्या दारात ललिताबाईला दूध मोजून द्यायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. मग तो दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला.

"खातो गोळी. पण आमच्या तांड्याचा रिवाज हाय. जो देते, त्यानं पहिले खावं. दारू असो का दवाई."

"अहो, मी काय बिमार हाओ?"

"मंग राहू द्या. जातो."

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे फुलसिंगचं वाकडं तोंड आलं. "बसा!" म्हणत त्यांनी डबीतून गोळी काढली.

ललिताबाई पाण्याचे दोन ग्लास घेऊन उभीच होती.

रोज सकाळी हाच तमाशा. डॉक्टर गिळायचे, तोंड उघडून दाखवायचे. मग नायक गिळायचा. लोक हसायचे. "आमचा नायक डॉक्टरले दवाई देऊन राह्यला!" घरीही डॉक्टरांच्या ताटातून लोणचं-पापड गायब झालं. विचारलं तर ललिताबाई म्हणायची, "बरणीले बुरशी आली."

महिनाभरानं पुन्हा यंत्र निघालं.

"रिवाज," नायक म्हणाला. "आधी तुमी."

डॉक्टरांनी पट्टा बांधला. पारा चढला, उतरला. ते नळीकडे बघतच राहिले. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मानेमागची ती जुनी ठणक कधी थांबली, हे त्यांना कळलंच नव्हतं.

मग नायकाचा पाराही दीडशेच्या खाली थांबला. एका म्हाताऱ्यानं पायातली चप्पल काढली आणि यंत्राला हात जोडले.

त्या रात्री डॉक्टरांनी बायकोला खरं काय ते सांगितलं. "पहिल्या दिवशी माहा पारा नायकापेक्षा वर होता. घाबरून कोणाले सांगतलं नाही. डॉक्टरच गोळ्या खाते म्हटलं तं पेशंट कोण येईन? त्या तांड्याच्या रिवाजानं वाचवलं मले. काय डोकं होतं जुन्या लोकाईचं!"

"हो ना," ललिताबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी नायकानं दोघांना तांड्यावर जेवायला बोलावलं. रुखमाबाईनं ताकाचा लोटा डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी मोठ्या अदबीनं हात जोडले.

"नाही बाई. तुमचा रिवाज मले ठाऊक हाय. जो देते, त्यानं पहिले."

रुखमाबाई बघतच राहिली.

"असं काहून बोलता, डॉक्टरसाहेब? आमच्यात तं पहिला घोट पाव्हण्याचाच असते."

नायक घाईघाईनं पागोटं सारखं करू लागला. ललिताबाईनं तोंडाला पदर लावला.