सात फुटांची भिंत

भुजंग गवंड्यानं परसाच्या एका टोकाला खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि दोरीखालून चुन्याची फक्की सोडत गेला. तुराट्यांच्या मोडक्या कुंपणाला लागून पांढरी रेघ उमटली. पलीकडं शेजारची नंदाबाई पाटावर बसून तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं.

"काय करून राह्यलास रे केशवा?"

"भिंत घालतोय, काकू. विटांची." केशव गवंड्याकडंच पाहत बोलला. "गुरं शिरतात. मेथी म्हणू नका, पालक म्हणू नका, काही राहू देत नाहीत."

"शिरत्यात खरं. परवाच एक गोऱ्हा हाकलला मी तुमच्या वाफ्यातून."

दारात उभ्या असलेल्या केशवच्या बायकोनं, उमानं, खाली पाहिलं. गुरांचं निमित्त काल जेवताना ठरलं होतं. त्याआधी सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोर दूध टाकतंय ते उगाच नाही. वांझेची नजर आहे ती. सारखी इकडंच बघत असते." घास गिळून केशव एवढंच म्हणाला होता, "उद्या गवंड्याला बोलावतो."

"उंची किती धरायची, साहेब?" भुजंगनं विचारलं.

"सात फूट."

नंदाबाई हसली. "सात फूट? अंबडात उंट सुटले का काय रे?"

भुजंगही हसला. मग कुंपणावरून तिलाच म्हणाला, "मावशी, बांधकामाला दोन्ही अंगानं पाणी मारावं लागन. नसता तुमची बाजू कच्ची राहील. तिकून कोण मारील?"

"मी हाय की. आडाला पाणी हाय माझ्या. सकाळ-संध्याकाळ बराबर मारीन. तुम्ही बिनघोर बांधा."

राहू द्या काकू, असं केशवला म्हणायचं होतं. तो वाकून खुंटी चाचपू लागला.

आत पाळण्यात बाळ रडू लागलं. रोज या वेळी उमा त्याला तेल लावून परसातल्या कोवळ्या उन्हात घेऊन बसायची. आज तिनं त्याला उंबऱ्याबाहेर आणलं नव्हतं. रडणं वाढत गेलं. उमा जागची हलली नाही. केशवनं दोरी पुन्हा ताणून पाहिली. ती ताणलेलीच होती.

नंदाबाईनं एकदा त्यांच्या लावून घेतलेल्या खिडकीकडं पाहिलं, एकदा उमाकडं. उमानं नजर दिली नाही. मग कितीतरी वेळ नंदाबाई सुपातल्या तुरीवरून नुसता हात फिरवत राहिली.

"उमे," ती हळूच म्हणाली, "ऊन चाललं गं. लेकराला आण बाहीर. मी तोंड फिरवून बसते."

ती उठली. पाट वळवला, सूप मांडीवर घेतलं आणि त्यांच्या घराकडं पाठ करून बसली.

उमानं बाळाला आणलं. गालावर, कपाळावर, इवल्याशा तळपायांवर काजळाचे ठिपके. उन्हात येताच त्याचं रडणं थांबलं. मान वळवून ते कुंपणापलीकडं पाहू लागलं. रोज ज्या तोंडाकडं पाहून ते खुदकन हसायचं, तिथं आज नुसता पिकला अंबाडा होता.

हसायच्या बेतात ओठ उघडे ठेवून ते पाहत राहिलं.