पाण्याची रेघ

हवामान असंच तापत राहिलं तर पूर कुठवर चढेल हे दाखवायला आम्ही गल्लीकर प्रत्येक भिंतीवर निळी रेघ रंगवत होतो. आमच्या घरापाशी धाकटा भाऊ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "ताई, लष्कराच्या भाकऱ्या पुरे! आज घर बघायला गिऱ्हाईक येतंय." "शेजाऱ्यांच्या भिंती रंगवायच्या आणि आपली कोरी ठेवायची?" "हे विकलं गेलं नाही तर मी बुडालोच!" त्याचा आवाज चिरकला. पुराची उंची दाखवणारा यंत्राचा लाल किरण त्याच्या गळ्यावर पडला होता. तेवढ्यात गाडी थांबली. गिऱ्हाइकाची चिमुरडी धावत येऊन भावाशेजारी भिंतीला टेकली. किरण तिच्या डोक्याच्या हातभर वरून गेला. "काका, हे लाल काय?" बाजूला होऊन भाऊ तिच्या वडिलांना म्हणाला, "आत जायच्या आधी ही रेघ बघून घ्या, साहेब."