साहेबांचं आत्मनिरीक्षण

योगाच्या बाईंनी आमच्या साहेबांना एक वही दिली. दिवसभर स्वतःकडे नीट बघायचं, कुठे चुकलं ते रोज लिहायचं आणि महिनाअखेरीला वही दाखवायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलावर टाकली.

"हे माझं आत्मनिरीक्षण. भरून ठेवा, मी सही करतो."

एकवीस वर्षं त्यांची पत्रं, भाषणं मीच लिहीत आलेय. त्यांचे सासरे गेले तेव्हाचं दुःखसुद्धा मीच लिहिलं होतं. मग हेही लिहिलं, नोकरी जाणार हे धरूनच लिहिलं. 'आज शिपायाला ताप होता, मी त्याला नाटकी म्हणालो.' 'आज दुसऱ्याचं काम माझं म्हणून सांगितलं, सांगताना जीभ जराही अडखळली नाही.' 'आज डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं. तेवढा वेळ एक म्हातारी माझ्या दाराबाहेर उभी होती.' अशी तीस पानं. प्रत्येक पानाखाली साहेबांनी झोकात सही ठोकली.

महिन्याने ते पदक मिरवत आले. "वर्गात पहिला! बाई म्हणाल्या, स्वतःकडे इतक्या निष्ठुरपणे बघणारा माणूस आजवर पाहिला नाही. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या!"

मी हळूच विचारलं, "साहेब, तुम्ही... वाचलीत ती वही?"

"वाचायची कशाला?" साहेब पदक पुसत हसले. "माझं मला माहीत नाही का?"