ठणठणीत आवाज

हिरामण ढोके तिसऱ्यांदा आरोग्य केंद्रातल्या यंत्रासमोर बसले आणि दिलेला उतारा त्यांनी वाचला. आवाज ऐकून यंत्राने निकाल दिला, "मन स्वस्थ. पुढे पाठवण्याची गरज नाही." यंत्राच्या शिफारशीशिवाय मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळत नसे.

"चांगलंच झालं की, काका," मेश्राम सिस्टर म्हणाल्या.

ढोके उठले नाहीत. "सिस्टर, मी एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. वडील गेल्याचा निरोप आला, त्यानंतरही सहाची नागपूर गाडी पुकारली. कुणाला काही कळलं नाही. माझा आवाज हलतच नाही. पण महिनाभर झाला, मला जगावंसं वाटत नाही."

हेसुद्धा त्यांनी स्पष्ट, ठणठणीत आवाजात सांगितलं.

 सिस्टरांनी नियम बाजूला ठेवून तालुक्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना फोन लावला.

"मॅडम, यंत्राची शिफारस नाहीये, पण पेशंटला घेऊन मी निघतेय."

"मग कारण काय लिहू?"

"त्यांनी स्वतः सांगितलं, असं लिहा."



"या," डॉक्टर म्हणाल्या, "मी थांबते."