मोहोराचा भाव

आंब्याची कलमं यंदाही झोपलेलीच होती. पुढच्या हंगामाचा भाव त्यांना मुळांशी बसवलेल्या यंत्रातून आधीच कळायचा, आणि भाव पडणार असला की ती मोहोर धरतच नसत. पूर्वी एक वर्ष भरभरून आंबा आणि एक वर्ष विसावा, अशी त्यांची आपली चाल होती. आता बाजार म्हणेल तेवढी झोप. सकाळच्या धुक्यात अख्खी टेकडी निजलेल्या गुरांसारखी दिसे.

"आये, मोहोराचो वास कसो असता?" सुलोचनाच्या चिमीने विचारलं. तिच्या जन्मापासून इथे मोहोर आलाच नव्हता.

सुलोचना उठली. तिने नारळ उचलला, चिमीला घेऊन थोरल्या कलमापाशी गेली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, बाजारासाठी नको. माझ्या चेडवासाठी एक फांदी जागी कर!"

"व्हय म्हाराजा!" चिमी ओरडली.

यंत्रांची देखभाल करणारा सुलोचनाचा नवरा जयवंत जवळच होता, तो हसला. "झाडां आता बाजाराचाच आयकतत गो."

महिन्याभराने जयवंत दारात आला तो मोबाइलकडे बघतच. थोरल्या कलमाकडून निरोप आला होता: 'मागणी एक. भाव ठरवता येत नाही.'

तिघं धावली. झोपलेल्या टेकडीवर एकच फांदी मोहोराने लवली होती आणि धुक्यालाही तिचा वास लागला होता. चिमी डोळे मिटून, तोंड वर करून उभी राहिली.

जयवंतने मोबाइल खिशात टाकला आणि हळूच हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.