तिसरा मजला

दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून अनंतरावांनी छातीला दम दिला, "उसन्या पेशींनो, आता नाटकं नकोत." प्रयोगशाळेत मूळपेशींपासून वाढवलेल्या पेशी डॉक्टरांनी त्यांच्या थकल्या हृदयात सोडल्या होत्या आणि आज जिन्याची परवानगी मिळाली होती.

दोन वर्षं ते तळमजल्यावर पुतण्याकडे राहत होते. बायको गुडघ्यांपायी तिसऱ्यावर अडकली होती. डबा दोरीच्या टोपलीतून खाली यायचा, तक्रारी ओरडून वर जायच्या. तिचा चेहरा खालून एवढासा दिसायचा.

ते तिसऱ्यावर पोचले तेव्हा दार उघडंच होतं. गॅलरीतून वाकून ती हाका मारत होती, "अहो, डबा घ्या ना! रुसलात का?"

वेणी केवढी बारीक झाली होती! बोलायचं खूप साठलं होतं. तोंडून निघालं नेहमीचंच.

"कालच्या आमटीत मीठ कमी होतं."

तिच्या हातून दोरी सुटली.